तिसरं ‘नको’

संवादशाळेत सकाळपासून संहिता उमरेडकरची बोटं टेबलावर वाजत होती. समोर कीबोर्ड नव्हता, तरी वाजत होती. नागपुरात अंबाझरीच्या बाजूला असलेल्या या प्रयोगशाळेत कीबोर्ड तसा शोभेपुरताच उरला होता, कारण इथलं सगळं काम बोटं हलवता न येणाऱ्या माणसांसाठी चालायचं. शरीरातला जो एखादा स्नायू अजून मेंदूचं ऐकतो, त्याच्यावर पातळ संवेदक पट्टी चिकटवायची आणि त्या स्नायूत उठणाऱ्या इवल्याशा विजेलाच कळ मानायचं. कोणाची भुवई ही कळ, कोणाचा गाल, कोणाच्या पायाचा अंगठा. अशा कळांवर चालणारा ‘झरोका’ नावाचा न्याहाळक, म्हणजे बाकीचं जग ज्याला ब्राउझर म्हणतं तो, इथेच घडला होता आणि संहिता आता त्याची प्रमुख होती.

तिला एका जागी बसवत नव्हतं. कालपासून तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, आणि तो शब्द तिचा नव्हता, तिच्या गुरूने दिलेलं उत्तर होतं.

दारातून वामनराव ठवकर आत आले ते संत्रा बर्फीचा डबा घेऊनच. बायको मरणाच्या दारात असताना माणूस बर्फी कशी आणतो असं ज्याला वाटेल, त्याने वामनरावांना पाहिलेलं नाही. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस रिकाम्या हाताने कोणाकडे जात नसे, आणि पुढे केलेला डबा सहजासहजी मागेही घेत नसे.

“घे बेटा.”

“नको सर, आत्ताच जेवले.”

“अर्धी घे.”

“खरंच नको.”

“अवं, घे नं. मी का रोज येतो?”

संहिताने एक वडी उचलली. वामनरावांनी डबा टेबलावर ठेवला आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

“पाहिलं? तुले तीनदा विचारलं तवा घेतली. अन् हेमाले त्या दवाखान्याच्या पानानं एकदाच विचारलं. ती नको म्हणाली, तं त्यानं लिहून टाकलं अन् मोकळं झालं. पहिलं ‘नको’ कोणी मोजते का?”

संहिताच्या हातातली वडी तशीच राहिली. डॉ. हेमलता ठवकर म्हणजे वामनरावांची पत्नी, संहिताची शिक्षिका आणि या प्रयोगशाळेची संस्थापक. ज्या आजारासाठी त्यांनी झरोका घडवला, त्याच आजाराने पुढे त्यांना गाठलं होतं. हात गेले, वाचा गेली, मग बुबुळंही स्थिर राहीनाशी झाली. आता उजवी भुवई आणि डाव्या पायाचा अंगठा एवढंच ऐकत होतं. त्यांचं हलणंही डोळ्यांना दिसत नसे, फक्त पट्टीला कळे. भुवई म्हणजे ‘हो’ आणि अंगठा म्हणजे ‘नको’. या आठवड्यात फुप्फुसं थकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गळ्याला छिद्र पाडून श्वासयंत्र लावलं तर त्या आणखी काही वर्षं जगतील, नाही लावलं तर काही आठवडे. निर्णय रुग्णाने स्वतः द्यायचा असा नियम होता. झरोक्यात उघडलेल्या दवाखान्याच्या संमतीच्या पानाने विचारलं, “श्वासयंत्र लावायचं का?” आणि उत्तर उमटलं, “नको.”

“उत्तर परवा सकाळपर्यंत बदलता येते म्हणतात,” वामनराव म्हणाले. “पुन्हा विचार. तुमच्या पद्धतीनं विचार.”

संहिताने शेजारच्या खोलीतून डॉ. नितीन मेश्रामला हाक मारली. नितीन मज्जातंतूंचा डॉक्टर होता. संहिता जितकी चुळबुळी, तितका तो थंड. प्रयोगशाळेत गमतीने म्हणत की या दोघांना एका खोलीत बसवलं की तापमान बरोबर राहतं.

“नितीन, दवाखान्याच्या पानाला पहिला मान दिलेला आहे ना?”

“सगळ्याच दवाखान्यांच्या पानांना. सुरक्षेसाठी. आपणच ठरवलं तसं.”

“मान? लग्नातल्यासारखा?” वामनरावांनी विचारलं.

“जवळपास तसाच, सर,” संहिता म्हणाली. “साध्या कीबोर्डवर समजा ‘न’ ही कळ पानाने ‘नको’साठी घेतली, आणि न्याहाळकाने तीच ‘नवीन पान उघड’साठी घेतली. मग दाबल्यावर ऐकायचं कोणी? म्हणून दोन बोटं वापरतात. ‘न’ एका जोडकळीबरोबर दाबला तर पानाला ऐकू जातो, दुसरीबरोबर दाबला तर न्याहाळकाला.”

“हेमाजवळ दुसरं बोट कुठून येणार?”

“तेच ना. एका वेळी एकच स्नायू हलवण्यापुरती ताकद आहे. जोडकळ शक्यच नाही. म्हणून आधीच ठरवून ठेवावं लागतं की संकेत आला की तो आधी पानाने घ्यायचा की झरोक्याने. पानाला मान दिला असेल तर झरोका मध्ये पडत नाही. आणि झरोका मध्ये पडला नाही, की आग्रह-नियम चालत नाही.”

आग्रह-नियम हेमलताबाईंचा स्वतःचा. झरोका पहिल्यांदा भंडारा-वर्ध्याकडच्या वृद्धांना दिला, तेव्हा त्यांनी सगळ्याला ‘नको’ म्हटलं. अक्षर मोठं करू? नको. वाचून दाखवू? नको. मुलाशी बोलायचं? नको. परदेशी न्याहाळक पहिला शब्द ऐकून गप्प बसत, आणि ही म्हातारी माणसं दिवसभर काळ्या पडद्याकडे पाहत पडून राहत. घरच्यांनी पुन्हा विचारलं की मात्र “बरं, दाखव” म्हणत. पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हणणं हे त्यांच्या लेखी हावरटपणाचं होतं. मग हेमलताबाईंनी नियम घातला: ‘नको’ आलं तर आणखी दोनदा विचारायचं आणि तिसरं उत्तर खरं धरायचं. लोकांनी झरोक्याला डोक्यावर घेतलं ते या नियमामुळेच.

“म्हणजे मॅडमचं उत्तर अर्धवटच घेतलं गेलं,” संहिता उठून उभी राहिली. चूक सापडली होती, आणि सापडलेली चूक तिला फार आवडे. “त्यांना सवय तीनदा विचारलं जाण्याची. पहिलं ‘नको’ त्यांनी सवयीने दिलं असणार.”

“किंवा त्यांना नकोच असेल,” नितीन म्हणाला.

संहिताला ते वाक्य ऐकायचंच नव्हतं. तिने कळयोजना, म्हणजे कोणती कळ कशासाठी ते ठरवणारी यादी, उघडली आणि ठवकरांच्या घरच्या झरोक्यात पहिला मान पानाकडून काढून झरोक्याला दिला.

दुपारी तिघं ठवकरांच्या प्रतापनगरातल्या घरी पोचली. हेमलताबाई खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. समोर पडदा, भुवईवर एक पट्टी, पायाला दुसरी. स्वयंपाकघरात एक छोटी घंटी लावलेली होती. प्रश्न समोर नसताना अंगठ्याने पडद्यावरच्या यादीतली चौकट खाली खाली सरकवत न्यायची, ती ‘हाक’वर थांबवली की घंटी वाजायची. पण तिथवर पोचायला बाईंना इतका वेळ आणि इतकी शक्ती लागे की वामनराव हल्ली, आजची सकाळ वगळता, त्या खोलीतून हलतच नसत.

“मॅडम, काल एकदाच विचारलं गेलं,” संहिता त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. “आज आपल्या नियमाने विचारते.”

पडद्यावर प्रश्न आला. श्वासयंत्र लावायचं का? थोड्या वेळाने उत्तर उमटलं: नको.

“हेमा, नीट विचार कर,” वामनराव म्हणाले. “मी करतो नं सगळं. मले काही त्रास नाही होत.”

पुन्हा प्रश्न आला. या वेळी उत्तराला जास्त वेळ लागला. नको.

वामनरावांनी बायकोचा हात दोन्ही हातांत घेतला. “अवं, ऐक नं माझं. एवढं एक ऐक.”

तिसऱ्यांदा प्रश्न आला. पडदा बराच वेळ कोरा राहिला. संहिताची बोटं पलंगाच्या दांडीवर वाजायला लागली, तशी तिने ती मुठीत आवळली. मग पडद्यावर अक्षर उमटलं: हो.

वामनराव लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसत, बंगळुरूच्या मुलीला फोन लावत बाहेरच्या खोलीत गेले. “म्हणाली! हो म्हणाली तुही आई!” त्यांचा आवाज आतपर्यंत येत होता. संहितालाही रडू फुटलं. तिला वाटलं, आता धावत जाऊन कोणालातरी सांगावं.

“संहिता,” नितीन हळूच म्हणाला. “इकडे ये.”

त्याच्या हातातल्या टॅबवर दोन्ही स्नायूंच्या विजेच्या लाटा दिसत होत्या.

“पहिल्या प्रश्नाला अंगठ्याची लाट बघ. चांगली उंच आहे. दुसऱ्या प्रश्नाला निम्मी. आणि तिसऱ्याला ही.”

तिसरी लाट जेमतेम उठली होती. झरोका ज्या उंचीच्या वरचा संकेत ओळखतो, त्या रेषेच्या ती बरीच खाली होती. पण उठली होती ती अंगठ्यातच.

“आणि भुवई?” संहिताने विचारलं.

“भुवई तिन्ही वेळा सपाट. हललीच नाही.”

“मग ‘हो’ कोणी म्हटलं?”

वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत उत्तर तिला कळलं होतं. ‘हो’ अनुमानकाने म्हटलं होतं, आणि अनुमानक तिचा स्वतःचा होता. पूर्वी अस्पष्ट संकेत आला की झरोका पुन्हा विचारायचा. थकलेल्या माणसाला चौथ्यांदा, पाचव्यांदा विचारत राहणं संहिताला क्रूर वाटे. म्हणून तिने अनुमानकाची सोय केली: संकेत ओळखू आला नाही, तर अशा जागी इतर माणसं बहुतेक वेळा काय उत्तर देतात ते बघायचं आणि तेच उत्तर धरायचं. वापरणाऱ्यांच्या घरच्यांनी तिचे आभार मानले होते. आता कसं पटापट होतं, म्हणाले होते.

“दोनदा ‘नको’ म्हटल्यावर इतर माणसं तिसऱ्यांदा काय म्हणतात?” नितीनने विचारलं.

“हो म्हणतात. बहुतेक सगळे.”

“त्यातली किती माणसं स्वतः म्हणतात?”

अनुमानकाने भरलेलं ‘हो’सुद्धा माणसाचं ‘हो’ म्हणूनच साठवलं जात होतं, आणि पुढचं अनुमान त्याच साठ्यावरून निघत होतं. दर महिन्याला यंत्राची खात्री वाढत गेली होती.

“म्हणजे असं बघ,” नितीन नेहमीच्या थंड आवाजात म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. “जितकं विचारू तितका स्नायू थकणार. तो थकला की ‘नको’ रेषेच्या खाली जाणार. आणि ‘नको’ खाली गेलं की आपलं यंत्र ‘हो’ म्हणणार. खरंखुरं ‘नको’ या व्यवस्थेतून बाहेर पडूच शकत नाही.”

संहिताच्या डोळ्यांसमोर एकेक घर यायला लागलं. घर मुलाच्या नावावर करायचं का, असं ज्याला विचारलं गेलं तो भंडाऱ्याचा म्हातारा. तिसरी शस्त्रक्रिया करायची का, असं जिला विचारलं गेलं ती चंद्रपूरची बाई. त्या सगळ्यांच्या घरी आनंद झाला असणार. म्हणाला, हो म्हणाला.

बाहेर वामनराव आता धाकट्या भावाला फोन लावत होते. नितीनने टॅब बंद करून संहिताच्या हातात दिला.

“हे फक्त आपण दोघांनी बघितलंय,” एवढंच तो म्हणाला.

त्याला काय म्हणायचं होतं ते तिला समजलं. पानावर ‘हो’ नोंदलं गेलं होतं. तिने तोंड उघडलं नाही तर परवा श्वासयंत्र लागेल आणि मॅडम जगतील. वर्षानुवर्षं. रविवारी येऊन त्यांना नवं काय केलं ते सांगता येईल. तिला हे इतकं हवं होतं की गप्प राहायची शंभर कारणं तिला त्या क्षणी सुचली. माणूस थकल्यावर ‘नको’ म्हणतोच. उद्या त्यांचं मन बदलेल. आपण कोण ठरवणारे?

मग तिचं लक्ष पलंगाकडे गेलं. हेमलताबाईंची नजर हेलकावत होती, पण पुन्हा पुन्हा एकाच जागी येत होती, पडद्यावर. तिथे ‘हो’ अजून तसंच होतं. म्हणजे बाईंनी ते पाहिलं होतं. दुसऱ्या कोणीतरी आपल्या तोंडी घातलेला शब्द वाचत त्या पडून होत्या, आणि तो खोडायला त्यांच्या अंगठ्यात जीव उरला नव्हता.

संहिता बाहेरच्या खोलीत गेली. “सर, फोन ठेवा जरा.”

तिने सगळं सांगितलं. लाटा दाखवल्या. वामनराव आधी ऐकत होते, मग उठून उभे राहिले.

“तुमचं यंत्र नको म्हणते तं खरं, अन् हो म्हणते तं खोटं, व्हय? कोणत्या तोंडानं सांगून राहिली तू हे? पोरीले सांगितलं मी, भावाले सांगितलं!”

“हो सर. चूक माझी आहे.”

“मी तिले आयुष्यभर तीनदा विचारत आलो. साडी घ्यायची का, काश्मीरले जायचं का, आईले आपल्याकडं आणायचं का. दर वेळी आधी नको म्हणे, मग हो म्हणे. दर वेळी!” ते बोलता बोलता थांबले. खुर्चीवर बसले. टॅबवरच्या तीन लाटांकडे, एकीपेक्षा एक बुटक्या होत गेलेल्या, ते कितीतरी वेळ पाहत राहिले. “तवाही मी तिले थकवतच होतो का गं?”

साडीचं आणि काश्मीरचं मोजमाप कुठे नव्हतं.

“उद्या सकाळी विचारू,” शेवटी वामनरावच म्हणाले. “झोप झाल्यावर. तवा ताकद असते तिच्यात.”

“एकदाच विचारायचं, सर.”

“एकदाच.”

त्याच संध्याकाळी संहिताने अनुमानक सगळ्यांच्याच झरोक्यातून काढून टाकला, आणि ज्यांचं ‘हो’ यंत्राने भरलं असण्याची शक्यता होती त्या प्रत्येक घराला तसं कळवलं. रात्रीपर्यंत फोन थांबेनात. काही घरं चिडली, काही घाबरली, आणि काहींनी फोनच उचलला नाही. त्यांचा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

सकाळी खिडकीतून ऊन आत आलं होतं. वामनरावांनी बायकोचं तोंड पुसलं, केस नीट केले. संहिताने आग्रह-नियम बंद केला. नितीन टॅब घेऊन कोपऱ्यात उभा राहिला.

“हेमा,” वामनराव म्हणाले, “काल तुह्या नावानं यंत्रच बोललं. आता तू सांग. मी मधात काही बोलत नाही.”

प्रश्न आला. श्वासयंत्र लावायचं का?

नितीनने टॅब संहिताकडे वळवला. अंगठ्याची लाट उठली, रेषेच्या खूप वर, अगदी स्पष्ट. पडद्यावर उमटलं: नको. दवाखान्याच्या पानावरही तेच नोंदलं गेलं.

वामनरावांचे ओठ हलले. दुसरा प्रश्न त्यांच्या तोंडापर्यंत आला होता, ते खोलीतल्या सगळ्यांना दिसलं. त्यांनी तो गिळला. “बरं,” म्हणाले, आणि उठून स्वयंपाकघरात गेले. आत नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो चालूच राहिला.

संहिता पडदा बंद करायला पुढे झाली, तर पडद्यावरची चौकट हलायला लागली होती. हेमलताबाई यादीत खाली चालल्या होत्या. एक ओळ, मग विसावा, मग पुढची ओळ. त्या कळयोजनेत शिरल्या.

“काय करतायत?” नितीनने विचारलं.

“कळा बदलतायत.” संहिता खाली बसून पाहू लागली. तिने मदत करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

अंगठ्यासमोर ‘नको’ लिहिलेलं होतं. चौकट त्यावर गेली आणि त्या जागी आलं, ‘हाक’. मग खूप वेळ काहीच झालं नाही. नितीन नाडी बघायला निघाला तेवढ्यात चौकट पुन्हा हलली आणि भुवईपाशी आली. तिथलं ‘हो’ जाऊन तिथेही ‘हाक’ आलं. यावर झरोक्याने नेहमीप्रमाणे बजावलं: दोन्ही कळा हाकेला दिल्यास ‘हो’ आणि ‘नको’ म्हणता येणार नाही. यादीतही फिरता येणार नाही. चालेल का?

टॅबवर भुवईची सपाट रेषा पहिल्यांदाच उसळली.

“हे त्यांचं स्वतःचं आहे,” नितीन म्हणाला.

पडद्यावर ‘हो’ उमटलं आणि पुसलं गेलं. बाकीची सगळी यादीही गेली. क्षणभराने स्वयंपाकघरातली घंटी वाजली.

नळ बंद झाला. “आलो, आलो,” करत वामनराव ओल्या हातांनीच धावत आले. “काय झालं हेमा? काय पाहिजे? पाणी देऊ? उशी...”

ते पडद्याकडे वळले. तिथे आता एकच शब्द होता, ‘हाक’. त्यांनी संहिताकडे पाहिलं, तिने नकारार्थी मान हलवली. कशाला हाक मारली हे सांगायला हेमलताबाईंजवळ एकही कळ उरलेली नव्हती.

वामनरावांनी सदऱ्याला हात पुसले. मग पुढे काहीही न विचारता त्यांनी स्टूल ओढलं आणि ते बायकोजवळ बसले.